माळकरी घरातली खरेदी: हिरव्या ठिपक्याच्या पुढे काय काय तपासायचं

आईने पंढरपूरला माळ घातली तेव्हापासून घरातली खरेदी माझ्याकडे आहे. पहिल्याच वर्षात मी तीन ठळक चुका केल्या. एकादशीच्या बटाट्याच्या भाजीला सवयीने डबीतल्या हिंगाची फोडणी दिली. डबीवर घटकांमध्ये मैदा छापलेला होता. तिच्यासाठी आणलेल्या ड जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूल तिने चार महिने घेतल्या; त्यांचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचं. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी एक यादी वाचून चार पाकिटं कचऱ्यात टाकली, ज्यांत आक्षेप घ्यावं असं काहीच नव्हतं. पहिल्या दोन चुका नजरेच्या. तिसरी आळसाची, कारण दुसऱ्या कुणीतरी तपासलंय असं मी धरून चाललो होतो.

ओळखीच्या घरांमध्ये याच तीन चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात, म्हणून कामाचा क्रम लिहून काढतोय. डोळ्यांसमोर माळकरी घर आहे. जैन, मुस्लिम किंवा आणखी कुठल्या घरात नियम वेगळा असेल, पण तपासायचा क्रम हाच राहील.

## टप्पा १: आधी नियम कागदावर उतरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेकजण हा टप्पा गाळून थेट दुकानात जातात आणि तिथे पाकीट हातात धरून "हे चालतं का गं?" म्हणून फोन लावतात.

ज्या माणसाचा नियम आहे त्याच्याबरोबर अर्धा तास बसा. कागदावर तीन रकाने आखा: "नाही", "चालतं" आणि "विचारून". मग एकेक प्रश्न विचारा:

- मांस, मासे, अंडं नाही, हे ठरलेलंच. पण ज्या केकमध्ये अंडं आहे तो वाढदिवसाला घरात आणलेला चालेल का? त्याच सुरीने कापलेला दुसरा केक?
- मध?
- लाख, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ, गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीसाठी वापरलेली?
- दारू सोडली आहे. मग आसव, अरिष्ट, व्हॅनिला इसेन्स, खोकल्याचं औषध?
- औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिन?
- एकादशीला धान्य नाही. मग कॉर्नस्टार्च? साबुदाणा-भगर यांच्यापलीकडे काय काय?
- कांदा-लसूण: कायमचा बंद, की कांदेनवमीनंतर चातुर्मासापुरता?
- चामडं, रेशीम, लोकर?

उत्तरं आपण गृहीत धरतो तशी येत नाहीत. मधाचं विचारल्यावर आई म्हणाली, "चालतो की. माशीचा आहे, मला काय माहीत नाही?" दशमूलारिष्टाला मात्र नाही म्हणाली. औषध आहे हे मान्य, पण त्याऐवजी काढा घेईन. मी नेमकं उलटं धरलं होतं.

इशारा: दुसऱ्या घराचा नियम उसना आणू नका. जैन शेजाऱ्यांकडे बटाटा आणि मध चालत नाही. माळकऱ्याच्या एकादशीला बटाटाच मुख्य. मुस्लिम मित्राच्या दृष्टीने हिरवा ठिपका अपुरा, कारण तो अल्कोहोलबद्दल काहीच सांगत नाही. "शुद्ध शाकाहारी" हा एकच नियम आहे असं समजणं ही या सगळ्या घोळाची सुरुवात.

पडताळा: "विचारून" या रकान्यात निदान चारपाच गोष्टी आल्या का? एकही नसेल तर तुम्ही प्रश्न विचारले नाहीत, उत्तरंच वाचून दाखवलीत.

## टप्पा २: सगळा बाजार नाही, आपल्या घरातल्या तीस वस्तू

गेल्या दोन महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक घरात त्याच त्या तीसचाळीस पाकीटबंद वस्तू फिरून फिरून येतात. तेवढ्याच तपासा. डाळ, तांदूळ, गूळ, अख्खे मसाले यांच्यात शोधण्यासारखं काही नाही. त्यांच्यावर वेळ घालवू नका. नजर ठेवायची ती बिस्किटं, ब्रेड, चीज, चॉकलेट, जेली, आइस्क्रीम, सूपची पाकिटं, नूडल्स, सॉस, चिप्स, हिंग, बेकिंग पावडर, इसेन्स, टूथपेस्ट, साबण आणि औषधांवर.

घरात असलेलं काही लगेच फेकू नका. संपू द्या, किंवा ज्याला चालतं त्याला द्या. नियम पाळायचा म्हणून अन्न टाकणं मला तरी पटत नाही, आणि आईला तर अजिबात नाही.

## टप्पा ३: पाकीट वाचण्याचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. लोक ठिपका बघून थांबतात, नाहीतर थेट आकड्यांवर उडी मारतात.

१. खूण. हिरव्या चौकोनात हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी गोल होती. २०२०च्या लेबलिंग नियमांनी तिचा तपकिरी त्रिकोण केला, रंग नीट न ओळखता येणाऱ्यालाही आकार कळावा म्हणून. जुन्या सवयीने फक्त "गोल आहे ना" एवढंच बघत असाल तर हे लक्षात घ्या.

हिरवा ठिपका नेमकं काय सांगतो? केंद्राच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमात प्राण्यापासून आलेलं सगळं मांसाहारी धरलं आहे. त्यात पक्षी, कीटक, मासे आणि अंडीही आली. पण काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत: दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण (हे ताडासारख्या झाडाचं) आणि शेलॅक. शेलॅक म्हणजे लाख. म्हणून मध किंवा लाख असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका असणं नियमाला धरूनच आहे, त्यात फसवणूक काही नाही. टप्पा १मध्ये तुम्ही यांना "नाही" म्हणाला असाल, तर ठिपक्यावर थांबून चालणार नाही.

दूधही ज्यांना नको त्यांच्यासाठी वेगळी खूण आहे. व्हीगन पदार्थांचे नियम २०२२मध्ये आले.

२. घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिले तीन-चार शब्द म्हणजे पदार्थाचा बहुतेक भाग. "बदाम कुकी"मध्ये बदाम सातव्या जागी असेल तर काय समजायचं ते समजा. पण आपल्या कामाच्या गोष्टी बहुधा शेवटच्या ओळीत असतात: जिलेटिन, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा), रंग, ग्लेझिंग एजंट (चकाकी आणणारा).

३. कंसातले आकडे. याला वेगळा टप्पा दिलाय.

४. ॲलर्जीची ओळ. "अंडं आहे" आणि "अंड्याचा अंश असू शकतो" यांत फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ त्याच कारखान्यात अंड्याचे पदार्थही बनतात. ही ओळ ॲलर्जी असणाऱ्यांसाठी आहे. ती असूनही पाकिटावर हिरवा ठिपका असू शकतो. चालेल की नाही, हे तुमच्या कागदावर बघा.

५. परवाना क्रमांक. एफएसएसएआयचा क्रमांक चौदा आकडी असतो. तो नसेल तर वरच्या चारही गोष्टींवर फार विश्वास ठेवू नका.

पडताळा: तीच कंपनी, तोच पदार्थ, पण नवी चव किंवा नवं पाकीट असेल तर पुन्हा पहिल्यापासून वाचा. मसाला चिप्स तपासल्या म्हणजे क्रीम-अनियन तपासल्या असं होत नाही.

## टप्पा ४: आकडे, आणि त्यांच्याबद्दलच्या अफवा

आयएनएस हा अन्नात घालायच्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. आकडा दिसला की विष, किंवा आकडा दिसला की चरबी, अशी एक समजूत आहे. आयएनएस १०० म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन. १६२ म्हणजे बिटाचा लाल रंग. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, ५०० म्हणजे खायच्या सोड्याचं कुटुंब. आकडा पदार्थाचं नाव सांगतो, तो कुठून काढला ते सांगत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी निम्मी भीती जाईल.

मी तीन गट करतो.

नक्की प्राणिज: १२० म्हणजे कारमाइन, कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग. ५४२ म्हणजे हाडांपासूनचं फॉस्फेट. ९०१ मधमाशीचं मेण, ९०४ शेलॅक. ११०५ लायसोझाइम, जे अंड्याच्या पांढऱ्यातून काढतात. यांपैकी ९०१ आणि ९०४ हिरव्या ठिपक्याखाली येऊ शकतात, हे वर आलंच.

दोन्हीकडून येऊ शकणारे: ३२२ लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं, पण अंड्याचंही असू शकतं. ४७१ हा ब्रेड-बिस्किट-आइस्क्रीममध्ये हमखास दिसणारा इमल्सिफायर. वनस्पती तेलातून बनतो, प्राण्यांच्या चरबीतूनही. ६२७, ६३१, ६३५ हे चव वाढवणारे पदार्थ. मासे-मांसातून मिळतात तसेच आंबवण्याच्या प्रक्रियेनेही. ९२० एल-सिस्टीन, मैद्याची कणीक सैल करायला. पिसांतून, केसांतून किंवा आंबवून.

नक्की वनस्पतिज किंवा खनिज: बाकीचे बहुतेक.

मधल्या गटात हिरवा ठिपका खरोखर उपयोगी पडतो. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटावर ४७१ किंवा ६३१ असेल तर तो प्राण्यापासूनचा नाही, अशी उत्पादकाची जाहीर जबाबदारी आहे. "६३१ म्हणजे डुकराची चरबी" हा निरोप अनेक वर्षं फिरतोय आणि तो तसाच्या तसा चुकीचा आहे. मी फेकलेली चार पाकिटं याच निरोपावर गेली. आकडा आणि ठिपका नेहमी जोडीने वाचा.

डिसेंबर २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हाच मुद्दा उचलला होता. नुसता सांकेतिक क्रमांक छापणं पुरेसं नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा ते ग्राहकाला कळलं पाहिजे, असं म्हटलं. त्यानंतर काही पाकिटांवर "वनस्पतिजन्य" असं लिहिलेलं दिसू लागलं. ज्या कंपन्या लिहितात त्यांना मी झुकतं माप देतो.

## टप्पा ५: शंका उरली तर कंपनीला विचारा

पाकिटावर ग्राहक सेवेचा पत्ता, फोन किंवा ईमेल छापलेला असतो. तो वापरणारे फार थोडे. विचारण्याची पद्धत चुकली की उत्तरही "आमची सर्व उत्पादने दर्जेदार आहेत" असं येतं.

असं विचारा: "तुमच्या अमुक बिस्किटाच्या अमुक बॅच क्रमांकाच्या पाकिटावर आयएनएस ४७१ आहे. तो वनस्पती तेलापासून बनवला आहे की प्राण्याच्या चरबीपासून? आमच्या घरी धार्मिक नियमामुळे ही माहिती हवी आहे." एका पत्रात एकच प्रश्न. हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा. पाकिटाचा फोटो जोडा.

"तुमचं उत्पादन शाकाहारी आहे का?" असं विचारू नका. हिरवा ठिपका आहे, एवढंच उत्तर येईल, आणि ते तुम्हाला माहीतच आहे.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर मी ती वस्तू "विचारून" मधून "नाही" मध्ये टाकतो. पर्यायी कंपनी जवळजवळ नेहमी असते.

## टप्पा ६: सुटा माल आणि बाहेरचं खाणं

पाकीट नाही म्हणजे वाचायला काही नाही. इथे तोंडाने विचारायचं, आणि प्रश्न नेमका हवा.

बेकरीत "एगलेस आहे का?" याला "हो" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: "वरून चमक यायला ब्रश कशाचा फिरवता?" बन आणि पफवर अंड्याचा हात फिरवण्याची पद्धत आहे. दुसरा प्रश्न: "दोन्ही केक एकाच भांड्यात फेटता का?"

मिठाईवरचा वर्ख: चांदीचा तुकडा जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून ठोकायचा, ही त्याची जुनी पद्धत. आता यंत्रावर बनवलेला वर्खही मिळतो. दुकानदाराला माहीत नसेल तर बिनवर्खाची बर्फी मागा, चवीत काही फरक पडत नाही. प्रसादाच्या पेढ्यांची मोठी ऑर्डर देताना तर आधीच सांगा.

हॉटेलात तवा आणि तळणीची कढई, या दोनच गोष्टी विचारा. मंचुरियन आणि चिकन लॉलीपॉप एकाच तेलात तळले जातात का? काही वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, थाई करी पेस्टमध्ये बहुधा कोळंबी, किमचीत बऱ्याचदा फिश सॉस. पास्त्यावर किसलेलं खरं इटालियन पार्मिजानो असेल तर ते वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने, लावलेलं असतं; त्या चीजची व्याख्याच तशी आहे. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजला सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. पनीरला रेनेट लागतच नाही, लिंबू किंवा व्हिनेगरने दूध फाटतं.

इशारा: लग्नात, कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर ही उलटतपासणी करू नका. खायचं नसेल ते शांतपणे बाजूला ठेवा. यजमानाला पेचात पकडणं हा नियमाचा भाग नाही.

## टप्पा ७: एकादशी वेगळी तपासा

रोजचा शाकाहाराचा नियम आणि उपवासाचा नियम या दोन वेगळ्या याद्या आहेत. पाकिटावर "उपवास स्पेशल" लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, कारण कोणत्या घरात काय चालतं हे घरागणिक बदलतं.

- हिंग: डबीतला पूड हिंग म्हणजे डिंक, गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि थोडा खरा हिंग. उपवासाला एरवीही बरेचजण हिंग घालत नाहीत, पण फोडणी करणारा हात सवयीने डब्याकडे जातो. त्या दिवशी डबी वरच्या फळीवर ठेवा.
- पिठीसाखर आणि बेकिंग पावडर: गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिठीसाखरेत स्टार्च घातलेला असू शकतो, बेकिंग पावडरमध्ये तर असतोच. घरी साखर दळून घ्या.
- वेफर्स आणि उपवासाचा चिवडा: सुटा घेतलात तर तो शेव-फरसाणाच्याच कढईत तळलेला असण्याची शक्यता धरा.
- आइस्क्रीम, कुल्फी: कॉर्नफ्लोअर आहे का ते बघा.

इशारा, आणि हा आरोग्याचा आहे: भगरीचं सुटं पीठ घेऊ नका. शिळ्या, ओल लागलेल्या पिठाला बुरशी येते, आणि उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात. अख्खी भगर पाकीटबंद घ्या, तारीख बघा, निवडून धुऊन वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. शिजवलेली भगर दुसऱ्या वेळेला ठेवू नका.

## टप्पा ८: औषधं

सगळ्यात आधी: चालू असलेलं कोणतंही औषध लेबल वाचून स्वतः बंद करू नका. डॉक्टरांना विचारा. रक्त गोठू नये म्हणून रुग्णालयात देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून मिळवतात. अशा प्रसंगी काय करायचं हे तब्येत ठणठणीत असतानाच घरात बोलून ठेवा. आमच्याकडे उत्तर एका वाक्यात मिळालं: जीव वाचवायला जे लागेल ते द्या. कागदावर ते वाक्य सर्वांत वर आहे.

रोजच्या गोळ्यांमध्ये मात्र पर्याय असतात. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून काढलेलं. वनस्पतीच्या सेल्युलोजचं कवच असेल तर लेबलवर "व्हेज कॅप्सूल" किंवा "एचपीएमसी" लिहिलेलं असतं. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न: "हेच औषध गोळी, थेंब किंवा पावडरच्या रूपात मिळेल का?" ड जीवनसत्त्व तसं मिळतं.

त्यातही एक पदर आहे. ड-३ साधारणपणे मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात. ड-२ बुरशीवर्गीय स्रोतांपासून. मी हे मोठ्या गांभीर्याने आईला सांगितलं. ती म्हणाली, "घोंगडी अंगावर घेतोच की." विषय संपला. ओमेगा-३ साठी माशाच्या तेलाऐवजी शेवाळातून काढलेलं तेल मिळतं, महाग पडतं.

आयुर्वेदिक म्हणजे आपोआप शाकाहारी, हे चूक. शंखभस्म, प्रवाळ, मौक्तिक हे सगळे समुद्री प्राण्यांपासूनचे. आसव-अरिष्टांत आंबवताना अल्कोहोल तयार होतं आणि बाटलीवर त्याचं प्रमाण छापलेलं असतं. वैद्यांना नियम सांगा. चूर्ण, काढा, वटी यांत सोय होते.

## टप्पा ९: न्हाणीघर, कपाट, देवघर

साबणावर "सोडियम टॅलोवेट" असेल तर ती जनावराची चरबी. "सोडियम पामेट" पामतेल, "सोडियम कोकोएट" खोबरेल. लिपस्टिकवर "सीआय ७५४७०" म्हणजे तोच कोचिनीलचा लाल रंग.

पूजेला रेशीम नेसायची पद्धत असेल तर एक गोष्ट माहीत असावी. नेहमीच्या तुतीच्या रेशमासाठी कोष आतल्या किड्यासकट वाफवतात किंवा उकळतात, नाहीतर सलग धागा निघत नाही. आसामकडच्या एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडा असतो, त्यातून पतंग बाहेर पडल्यावरही सूत काढता येतं. आणि धुऊन वेगळं वाळवलेलं सुती वस्त्र पूजेला कित्येक घरांत पूर्वीपासून चालत आलंय. आजीचं पैठणीचं पातळ काढून टाका असं मी म्हणणार नाही. नवं घेताना विचार करा.

देवघरासाठी दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. एक, "पूजेचं तूप" वाचून घ्या. बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात खाण्यासाठी नाही असं लिहिलेलं असतं, त्यावर ठिपकाही नसतो. ते दिव्यापुरतं, नैवेद्याच्या शिऱ्यात घालू नका. दोन, देवस्थानांबाहेर आणि ऑनलाइन "हातजोडी" नावाची मुळी लक्ष्मी येईल म्हणून विकतात. ती मुळी नाही. घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, ते विकणं तर गुन्हा आहेच, घरात ठेवणंही. "सियारसिंगी"ची गत तीच, ती कोल्ह्याचं शिंग म्हणून खपवतात. एका ओळखीच्या घरात हातजोडी शेंदूर लावून तिजोरीत ठेवलेली मी पाहिली आहे, आणि ते घर कांदाही खात नाही.

## परदेशात असाल तर

तिकडे हिरवा ठिपका नाही, त्यामुळे यादी पूर्ण वाचण्याला पर्याय नाही. अमेरिकेत दह्यात जिलेटिन, चीजच्या घटकांत नुसतं "एन्झाइम्स", शिजवलेल्या राजम्याच्या डब्यात डुकराची चरबी, भाताच्या पाकिटात चिकनचं पाणी हे नेहमीचं. ज्यूंच्या कोशर खुणेतला "पारेव्ह" शब्द मांस आणि दूध नाही एवढंच सांगतो. अंडं, मासे त्यात बसतात. ब्रिटनमध्ये "शाकाहारींसाठी योग्य" असं लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. अमेरिकेतली काही ऊसाची साखर हाडांच्या कोळशातून गाळतात. बीटाची किंवा ऑरगॅनिक साखर घेतली की प्रश्न मिटतो. आपल्याकडचे साखर कारखाने ही पद्धत वापरत नाहीत. आई-वडील तिकडे राहायला येणार असतील तर ते उतरण्याआधी तीस वस्तूंची यादी करून ठेवा, जेटलॅगमध्ये करू नका.

## लेबलवर जे येत नाही

साखरेच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. बीडकडून दर हंगामात कारखान्यांवर जाणारी ऊसतोड जोडपी, ज्यांना हिशेबात दोघं मिळून एक "कोयता" धरतात, आणि त्यांच्या डोक्यावरची उचल, यांच्यासाठी कुठलाही रंग ठरलेला नाही. किडा मरू नये म्हणून आपण लेबल भिंगाखाली धरतो आणि माणसाबद्दल विचारायला जागाच ठेवत नाही, हे मला खुपतं. याचा पायरीपायरीने देता येईल असा उपाय माझ्याकडे नाही. जिथे समोरचा माणूस दिसतो तिथे एवढं करतो: फुलवालीशी, पणत्या विकणाऱ्या कुंभाराशी, तुळशीमाळा ओवणाऱ्याशी देवाच्या वस्तूसाठी घासाघीस करत नाही. आईने हे कागदावर लिहायला लावलं, "चालतं"च्या रकान्याच्या वर, आडवं.

## टप्पा १०: कागद कपाटाच्या दाराला

यादी फोनमध्ये ठेवू नका. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. प्रत्येक वस्तूपुढे तपासल्याचा महिना लिहा. वर्षातून एकदा ती पुन्हा तपासा. आम्ही कांदेनवमीचा दिवस धरलाय, कारण त्या दिवशी तसंही कपाट रिकामं होतं आणि भज्यांच्या निमित्ताने सगळे स्वयंपाकघरातच असतात.

गेल्या कांदेनवमीला मी पेन घेऊन उभा असताना धाकट्याने विचारलं, भजनातल्या पखवाजावर कातडं असतं ते कसं चालतं? दोन्ही तोंडांना कातडंच असतं, खरंय. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "विचारून"मध्ये लिही. आषाढीला महाराजांना विचारलं. परत आल्यावर तिने स्वतःच्या हाताने त्यापुढे महिना घातला आणि "चालतो" लिहिलं. धाकट्याचं त्याने समाधान झालेलं नाही, त्याने खाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. ते अजून कुणी खोडलेलं नाही.